मगनवाडींतील एक वाद व स्त्रीचा हक्क

वर्ध्याचें नांव निघालें कीं आपल्या डोळ्यांपुढें चरखा, ग्रामोद्योग, नयी तालीम व १९४२ च्या जुलैंत येथें भरलेली काँग्रेस कार्यकारिणीची बैठक या गोष्टी उभ्या राहतात. तें योग्यच आहे. परंतु याच गांवीं १९३५ सालच्या डिसेंबरांत एक संवाद घडला, त्याची आठवण आपल्याकडे फारशी निघत नाहीं. स्त्रीनें आई केव्हां व्हावें, किती वेळां व्हावें, आणि हें ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा त्या संवादाचा विषय होता. त्या काळीं सभ्य गृहस्थांनीं चार माणसांत हा विषय काढला नसता. बोलणारीं दोन्ही माणसें मात्र जगप्रसिद्ध होतीं. एक महात्मा गांधी आणि दुसऱ्या अमेरिकेंतील संततिनियमनाच्या चळवळीच्या पुढारी मार्गारेट सँगर. या संवादाची हकीकत, त्याच्या मागचा व पुढचा इतिहास, आणि त्यांतून आज आपण घ्यावयाचा बोध, एवढें या भाषणांत सांगण्याचा माझा विचार आहे.

त्या वेळीं गांधीजी सेवाग्रामास राहावयास गेले नव्हते. १९३६ च्या एप्रिलअखेर ते शेगांवीं गेले, व त्या गांवास सेवाग्राम हें नांव १९४० सालीं मिळालें. १९३५ सालीं त्यांचा मुक्काम खुद्द वर्ध्यांत, शेठ जमनालाल बजाज यांनीं दिलेल्या मगनवाडींत होता. अखिल भारत ग्रामोद्योग संघाचें ठाणेंही तेथेंच होतें. सँगरबाई सोमवार ता. २ डिसेंबर रोजीं वर्ध्यास पोंचल्या. सोमवार हा गांधीजींचा मौनाचा वार; त्यामुळें पहिल्या दिवशीं स्वागतापलीकडे कांहीं झालें नाहीं. खरें बोलणें पुढील दोन दिवसांत झालें. महादेवभाई देसाई यांनीं त्याची हकीकत लिहून १९३६ च्या जानेवारींत ‘हरिजन’ पत्रांत छापली. म्हणून आज आपणांस ती कळते.

सँगरबाई एवढ्या दूरवर कशासाठीं आल्या होत्या? त्यांच्या आईस अठरा वेळां गर्भ राहिला होता. त्यांतून अकरा मुलें जन्मलीं, आणि ती माउली पन्नाशी गांठण्यापूर्वींच वारली. पुढें न्यूयॉर्कच्या गरीब वस्तींत परिचारिकेचें काम करतांना, एकामागून एक होणारीं बाळंतपणें व चोरून केलेले गर्भपात यांनीं बायका कशा मरतात, हें सँगरबाईंनीं जवळून पाहिलें. अमेरिकेंत १८७३ च्या कॉम्स्टॉक कायद्यानें गर्भ टाळण्याच्या उपायांची नुसती माहिती टपालानें पाठविणें हासुद्धां गुन्हा ठरविला होता. १९१६ च्या ऑक्टोबरांत सँगरबाईंनीं ब्रुकलिन भागांत एक दवाखाना उघडला. थोड्याच दिवसांत पोलिसांनीं तो बंद केला, आणि पुढील वर्षीं त्यांना तीस दिवसांची कैद भोगावी लागली. त्यांच्या लिखाणांत, कांहीं माणसें निकृष्ट असून त्यांची संतति वाढूं देऊं नये, अशा आज आपणांस मुळींच न पटणाऱ्या कल्पनाही होत्या. हें झांकून ठेवण्याचें कारण नाहीं. कारण या कल्पनेचा धागा पुढें आपणांस पुन्हां भेटणार आहे.

परंतु हा प्रश्न सँगरबाईंनीं आगबोटींतून आपल्याबरोबर आणला, असें कोणी समजूं नये. महाराष्ट्रांत त्याची चर्चा त्यापूर्वीं पन्नास वर्षें चालू होती, आणि ती दोन वेगळ्या वाटांनीं चालली होती.

पहिली वाट नकाराची. मुंबईच्या रखमाबाईंचें लग्न त्यांच्या वयाच्या अकराव्या वर्षीं झालें होतें. मोठेपणीं त्यांनीं नवऱ्याच्या घरीं नांदावयास जाण्याचें नाकारलें. १८८४ सालीं नवऱ्यानें फिर्याद केली. न्यायमूर्ति पिन्हे यांनीं १८८५ सालीं असा निकाल दिला कीं, अजाणपणीं झालेल्या लग्नाच्या आधारें सज्ञान स्त्रीस तिच्या इच्छेविरुद्ध नांदावयास लावतां येत नाहीं. अपिलांत हा निकाल फिरला. व १८८७ च्या मार्चांत न्यायमूर्ति फॅरन यांनीं, नवऱ्याकडे जा, नाहीं तर सहा महिने तुरुंगांत जा, असा हुकूम सोडला. रखमाबाईंनीं तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. ‘केसरी’सारखीं पत्रें त्यांच्या विरुद्ध होतीं. शेवटीं १८८८ सालीं तडजोड झाली. पुढें त्या विलायतेस जाऊन डॉक्टर झाल्या, आणि सुरत व राजकोट येथें त्यांनीं वर्षानुवर्षें स्त्रियांची शुश्रूषा केली. त्यांच्या खटल्यानें उठलेलें वादळ व बंगालमधील एका बालवधूचा १८८९ सालीं नवऱ्याच्या हातून झालेला मृत्यू, या दोन गोष्टींतून १८९१ चा संमतिवयाचा कायदा झाला. त्यानें मुलीचें संमतिवय दहावरून बारावर नेलें. एवढ्या दोन वर्षांच्या वाढीसाठीं केवढा गदारोळ माजला होता, हें इतिहासाच्या वाचकांस ठाऊक आहेच.

दुसरी वाट साधनाची. ती रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं चोखाळली. महर्षि कर्वे यांचे हे थोरले चिरंजीव मुंबईच्या विल्सन कॉलेजांत गणिताचे प्राध्यापक होते. १९२१ सालीं त्यांनीं मुंबईंत संततिनियमनाचा सल्ला देणारें केंद्र काढलें. लंडन येथें मेरी स्टोप्सबाईंनीं आपला दवाखाना काढला तोही त्याच सालीं; म्हणजे या कामीं मुंबई लंडनच्या मागें नव्हती. कर्व्यांना मात्र त्याची किंमत मोजावी लागली, व १९२५ सालीं त्यांची प्राध्यापकी सुटली. १९२७ च्या जुलैपासून त्यांनीं ‘समाजस्वास्थ्य’ हें मासिक काढलें, आणि १९५३ सालीं मृत्यू येईपर्यंत तें तोट्यांत चालविलें. अश्लीलतेच्या आरोपावरून त्यांच्यावर खटले झाले. १९३१ सालीं त्यांना शंभर रुपये दंड झाला. १९३४ च्या खटल्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. तरी दोनशें रुपये दंड झालाच. कर्व्यांच्या पत्नी मालतीबाई यांनीं या सर्व हालअपेष्टांत त्यांना साथ दिली. कर्व्यांचें म्हणणें थोडक्यांत असें होतें कीं, स्त्रीचें शरीर तिचें स्वतःचें आहे. सुखावर तिचा पुरुषाइतकाच हक्क आहे. आणि नको असलेलें मातृत्व टाळण्याची विद्या तिच्यापासून दडविणें हा अन्याय आहे.

आतां मगनवाडीकडे वळूं. गांधीजींची भूमिका तेथें नव्यानें बनलेली नव्हती. कृत्रिम उपायांविरुद्ध त्यांनीं १९२५ सालींच ‘यंग इंडिया’त लिहिलें होतें, व स्वतः १९०६ सालीं ब्रह्मचर्याचें व्रत घेतलें होतें. त्यांचें म्हणणें असें कीं, स्त्रीपुरुषांचा संग केवळ संततीसाठीं असावा, इतर वेळीं संयम पाळावा. उपकरणें हातीं आलीं कीं पुरुषाची वासना बेलगाम होईल व तिचा भार पुन्हां स्त्रीवरच पडेल. परंतु याच बोलण्यांत त्यांनीं आणखी एक गोष्ट सांगितली, आणि तिच्याकडे आपलें लक्ष फारसें जात नाहीं. स्त्री ही नवऱ्याची दासी नव्हे. नको असेल तेव्हां नवऱ्यास नाहीं म्हणण्याचा तिला हक्क आहे. हा हक्क तिला शिकविणें हेंच आपण आपलें काम समजतों, असें त्यांनीं सँगरबाईंना सांगितलें. ज्या देशांत अर्ध्या शतकापूर्वीं असा नकार देणाऱ्या स्त्रीस न्यायालयानें तुरुंग दाखविला होता, त्या देशाच्या सर्वांत मोठ्या पुढाऱ्यानें हें बोलावें, ही लहान गोष्ट नव्हे.

सँगरबाईंनीं उलट विचारलें, जीं नवराबायको एकमेकांवर प्रेम करतात त्यांनीं काय करावें? दोन माणसांनीं प्रेमानें एकत्र राहावें आणि मूल हवें असेल तेवढ्याच वेळीं जवळ यावें, हें शक्य आहे काय? गांधीजींनीं आपल्या अनुभवाच्या जोरावर, शक्य आहे, असें उत्तर दिलें. सँगरबाईंना तें पटलें नाहीं. महात्म्यास जें साधलें तें गांवोगांवच्या कोट्यवधि संसारांस साधेल, असें धरून चालणें त्यांना क्रूरपणाचें वाटत होतें. आणि नवऱ्यास नकार देणाऱ्या बाईचे हाल काय होतात, हें त्यांनीं पाहिलें होतें. बोलण्याच्या ओघांत गांधीजींनीं एवढें मात्र मान्य केलें कीं, महिन्यांतील ज्या दिवसांत गर्भ राहण्याचा संभव कमी, तेवढ्याच दिवसांपुरता संग ठेवण्याची रीत आपणांस इतर उपायांइतकी त्याज्य वाटत नाहीं. कारण तींत संयमाचा कांहीं अंश आहे. त्यापुढें दोघेंही सरकलीं नाहींत. सँगरबाई वर्ध्याहून गेल्या आणि महात्माजींना स्त्रियांच्या मनाची खरी ओळख नाहीं, असें पुढें त्यांनीं लिहिलें.

या वादांत कोण जिंकलें, असें विचारण्याची पद्धत आहे. मला तो प्रश्नच चुकीचा वाटतो. गांधीजी नकाराचा हक्क मागत होते, सँगरबाई साधनाचा. दोघांची मागणी एकाच हक्काची दोन अंगें आहेत. एक हातीं असून दुसरें नसलें तर काय होतें, हें पुढील इतिहासानें आपणांस फार महाग किमतींत शिकविलें आहे.

केवळ नकाराचा उपदेश कां अपुरा पडतो तें पाहा. नाहीं म्हणणाऱ्या बाईस उद्यां चूल कोणाची? माहेर तिला परत पाठवितें, सासर दुसरी सून शोधूं लागतें, आणि कायदा नवऱ्याच्या बाजूचा. तिच्या नांवें शेत नाहीं, हातीं पैसा नाहीं. अशा बाईस धैर्य शिकवून भागत नाहीं. तिला कायद्याचा आधार, शिक्षण व स्वतःची मिळकत लागते, आणि त्याबरोबर गर्भ टाळण्याचें असें साधनही लागतें कीं ज्यासाठीं कोणाची परवानगी मागावी लागूं नये. हें त्या काळच्या स्त्रियांनीं ओळखलें होतें. वर्ध्याच्या संवादानंतर थोड्याच दिवसांत त्रिवेंद्रम येथें अखिल भारतीय महिला परिषदेचें अधिवेशन भरलें. सँगरबाई तेथें हजर होत्या. कॅथॉलिक प्रतिनिधींनीं जोराचा विरोध केला, तरी संततिनियमनाच्या बाजूचा ठराव बहुमतानें पास झाला. १९३८ च्या नोव्हेंबरांत मुंबई विधानसभेंत डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम यांनीं, सरकारनें लोकांस संततिनियमनाची साधनें पुरवावीं, असा ठराव मांडला. तो फेटाळला गेला. चौदा वर्षांनीं वारें फिरलें. १९५२ सालीं भारत सरकारनें कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हातीं घेतला, व त्याच वर्षीं मुंबईंत भरलेल्या परिषदेंत या विषयाची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. सँगरबाई व धन्वंतीबाई रामराव या तिच्या पुढारी होत्या. कर्वे त्या वेळीं हयात होते. पुढच्याच वर्षीं ते वारले.

आतां दुसरी बाजू पाहा. साधन आलें, पण संमति हरपली, तर काय होतें? १९७५ ते १९७७ या आणीबाणीच्या काळांत त्याचें उत्तर मिळालें. १९७६-७७ या एका वर्षांत देशांत ऐंशीं लाखांहून अधिक नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या, व त्यांतील बहुतेक पुरुषांच्या होत्या. शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक यांना ‘केसेस’ आणण्याचे आंकडे ठरवून दिले गेले. महाराष्ट्राच्या विधिमंडळानें तर १९७६ सालीं तीन मुलांनंतर सक्तीची नसबंदी करण्याचें विधेयक मंजूर केलें. राष्ट्रपतींची संमति न मिळाल्यानें तें कायद्याच्या रूपानें अंमलांत आलें नाहीं, हें आपलें नशीब. कोणी किती जन्मावें हें वरून ठरविण्याची जी कल्पना सँगरबाईंच्या लिखाणांत होती, तिचें हें सरकारी रूप होय. आणि नवल असें कीं, याविषयींचा इशाराही वर्ध्यांतूनच दिला गेला होता. १९३५ च्या ऑगस्टांत स्वामी योगानंद मगनवाडींत आले होते. त्यांच्याशीं बोलतांना गांधीजींनीं सांगितलें कीं, कायद्यानें नसबंदी लादणें हें अमानुष आहे. पुरुषानें राजीखुषीनें ती करून घेतली तर मात्र आपली हरकत नाहीं, कारण आक्रमण करणारा तोच असतो.

या शेवटच्या वाक्यावर आपण पुरुषांनीं थोडा विचार करावा. आणीबाणीनंतर पुरुषांच्या नसबंदीचें नांव काढावयास कोणी धजेना, आणि सगळा भार गुपचूप स्त्रीवर टाकला गेला. २०१९ ते २०२१ या काळांतील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणें देशांतील विवाहित स्त्रियांपैकीं सुमारें ३८ टक्क्यांनीं शस्त्रक्रिया करून घेतलेली आहे. पुरुषांच्या शस्त्रक्रियेवर विसंबणाऱ्या जोडप्यांचें प्रमाण मात्र ०.३ टक्के आहे. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी व कमी धोक्याची, तरी आंकडे हे असे. साधन स्त्रीच्या हातीं आलें असें आपण म्हणतों. पुष्कळ घरांत तें तिच्या पोटावर आलें आहे, एवढेंच खरें.

संमतीच्या प्रश्नावर सबंध देशास जागें करणारा खटलाही आपल्या विदर्भांतलाच. १९७२ च्या मार्चांत तेव्हांच्या चांदा जिल्ह्यांतील देसाईगंज येथील पोलिस ठाण्यांत एका आदिवासी मुलीवर पोलिसांकडून अत्याचार झाला. सत्र न्यायालयानें आरोपींस सोडलें, नागपूरच्या उच्च न्यायालयानें शिक्षा दिली, आणि १९७८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्यांना पुन्हां सोडलें. तिच्या अंगावर जखमा नाहींत, तेव्हां तिचा विरोध नव्हता, असें तें तर्कशास्त्र. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार व रघुनाथ केळकर या चार कायदेपंडितांनीं १९७९ सालीं सरन्यायाधीशांस उघडें पत्र लिहिलें. शहरोशहरीं स्त्रिया रस्त्यावर आल्या, आणि १९८३ सालीं कायदा बदलला. गप्प बसणें म्हणजे होकार नव्हे, हें साधें सत्य एका खेड्यांतल्या निराधार मुलीमुळें कायद्याच्या पुस्तकांत शिरलें.

गर्भपाताच्या कायद्याचीही हीच गोष्ट. महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखालीं १९६४ सालीं समिति नेमली गेली, आणि तिच्या अहवालावरून १९७१ चा कायदा झाला. सज्ञान स्त्रीस त्याखालीं नवऱ्याची संमति लागत नाहीं. डॉक्टरांचें मत मात्र लागतें. २०२१ सालीं ठराविक स्त्रियांसाठीं मुदत वीस आठवड्यांवरून चोवीसांवर गेली, आणि २०२२ च्या सप्टेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें त्यांत अविवाहित स्त्रियांचाही समावेश केला. असा कायदा नसला म्हणजे काय होतें तें आयर्लंडनें दाखविलें. २०१२ सालीं तेथील एका रुग्णालयांत, मूळच्या बेळगांवच्या एका दंतवैद्य तरुणीचा गर्भ वांचण्याची आशा उरली नसतांही कायद्याच्या भीतीनें गर्भपात नाकारला गेला आणि ती दगावली. त्या मृत्यूनें तो देश हलला, व २०१८ सालीं आयरिश जनतेनें सार्वमतानें घटनेंतील बंदी उठविली. उलट, ज्या अमेरिकेनें सँगरबाईंना तुरुंगांत टाकलें होतें, तिनें १९७३ सालीं दिलेला गर्भपाताचा घटनात्मक हक्क २०२२ सालीं तिच्याच सर्वोच्च न्यायालयानें काढून घेतला. मिळालेला हक्क टिकतोच असें नाहीं, हा त्याचा अर्थ.

१९९४ सालीं कैरो येथें भरलेल्या जागतिक परिषदेनें लोकसंख्येच्या आंकड्यांपेक्षां माणसाचा, विशेषतः स्त्रीचा, हक्क मोठा मानला. मुलें किती व केव्हां हें जबरदस्तीवांचून ठरविण्याचा अधिकार, आणि त्यासाठीं लागणारी माहिती व साधनें मिळण्याचा अधिकार, असे दोन्ही तेथें एकाच कलमांत घातले गेले. मगनवाडींत जे दोन भाग एकमेकांपासून दूर उभे होते, ते एकोणसाठ वर्षांनीं एकत्र आले, असें म्हणावयास हरकत नाहीं.

पण कागदावर एकत्र येणें निराळें आणि घरांत येणें निराळें. वर सांगितलेल्या पाहणीप्रमाणें महाराष्ट्रांतील वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकीं जवळजवळ २२ टक्के स्त्रियांचीं लग्नें अठरा वर्षें पुरीं होण्याआधीं झालेलीं होतीं. शिक्षकाच्या नात्यानें मला या आंकड्याचा अर्थ ठाऊक आहे. दिवाळीच्या सुटीनंतर हजेरीपटावरचें एखादें नांव हांकेस उत्तर देत नाहीं. मैत्रिणी खालीं मान घालतात, आणि मग कळतें कीं पोरीचें लग्न झालें. त्या मुलीस ना नकार शिकविला होता, ना साधन ठाऊक होतें. तिच्या वतीनें सगळें इतरांनीं ठरविलें. आणि ती सज्ञान झाली तरी काय? २०२४ च्या जुलैपासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेंतही, अठरा वर्षांवरील बायकोवर नवऱ्यानें केलेल्या जबरीस बलात्कार न मानण्याची जुनी सवलत कायम आहे. रखमाबाईंना न्यायालयानें दाखविलेल्या तुरुंगाचें भय गेलें. त्यांनीं विचारलेला प्रश्न मात्र सुटलेला नाहीं.

तेव्हां, श्रोतेहो, आपल्याकडून होण्यासारख्या दोनतीन गोष्टी सांगतों. अठराच्या आंत मुलीचें लग्न ठरत असेल तर त्या मांडवांत पान वाढून घेऊं नये. लग्न थांबविण्याची खटपट करावी. शाळेंत शरीरशास्त्राचा धडा आला कीं पुष्कळ गुरुजी तो घरीं वाचण्यास सांगून पुढें जातात. तसें न करतां तो नीट शिकवावा, आणि मुलांनाही शिकवावा, केवळ मुलींना नव्हे. शस्त्रक्रियेची वेळ आली तर नवऱ्यानें आधीं स्वतःचें नांव पुढें करावें. त्यांत कमीपणा नाहीं. आणि घरांतली लेक किंवा सून नाहीं म्हणाली, तर तिच्या त्या शब्दास मान द्यावा. एवढें आपण केलें तर मगनवाडींत बोललेल्या त्या दोघांचेंही ऋण थोडें फिटेल.